सकाळचं हसू

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी काय गायले, ते कुणाच्याच लक्षात नाही. लक्षात राहिलं ते माझं हसणं. दुसरी एक मुलगी स्पर्धेतून बाद होऊन ढसाढसा रडतेय आणि मागे सोफ्यावर मी दात काढतेय. तेवढ्यावर अख्ख्या वाशिम जिल्ह्याने मला ओळखलं. पोहरादेवीच्या गर्दीत एका अनोळखी बाईने माझ्याकडे बोट दाखवून लेकीला सांगितलं, "हेच ते हासनारी, पाह्य." एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

खरं काय घडलं ते सांगते, ऐकणार कोण म्हणा. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या टाळ्या सकाळीच वेगळ्या चित्रित करून ठेवायचे, मग हव्या तिथे जोडायचे. एक माणूस पुढे उभा राहून हात हलवायचा, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझी आई पहिल्या रांगेत होती. तिला टाळी ठाऊक ती भजनातली. तिने डोळे मिटले, मान डोलवत ताल धरला, आणि बाकीचे कधीच थांबले तरी हिचं चालूच. समोर स्पर्धकांच्या सोफ्यावर मला हसू आवरेना, आणि कॅमेरा चालू होता. ती मुलगी रडली संध्याकाळी. कुण्या शहाण्याने सकाळचं हसू उचलून संध्याकाळच्या रडण्याला चिकटवलं. अंगावर कपडे तेच, सोफा तोच. शंका यावी तरी कुणाला?

माझी सोयरीक रिसोडला ठरत आली होती. मुलगा मला आवडला होता, हे लपवायचं काही कारण नाही. तो भाग दाखवला त्याच आठवड्यात मुलाचा मामा त्याला घेऊन किन्हीराजाला आमच्या घरी आला. मुलगा मोबाइल बघत बसला. मामाने पाणी घेतलं, चहाला नको म्हणाला.

"आज परक्या पोरीच्या रडन्यावर हासली. उद्या सासूच्या मयतीत हासन."

मी सगळं सांगितलं. सकाळच्या टाळ्या, आईचा ताल, सगळं. तेव्हा तो आईकडे वळला.

"तुमी तं समोरच होत्या बाई. तुमाले पाहून हासली का हे?"

आईने नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने पदराने तोंड पुसलं.

"माहे तं डोये मिटले होते, भाऊ. मले काय मालूम? टीव्हीत दिसलं तेच दिसलं."

मामा उठला. मुलगा त्याच्या मागोमाग गेला, माझ्याकडे न बघता. जीप निघून गेल्यावर मी आईला विचारलं, "तू मले जनमापासून ओयखते ना? आन् तुलेही हे खरं वाटलं?"

आई पाण्याचे पेले उचलत होती.

"तू लहानपनापासून तशीच आहे बाई," ती म्हणाली. "कोनी पडलं का तू हासेच."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. पण तिला ते खरोखरच आठवत होतं.