चौशिंग्याची खूण

आशागडच्या मागच्या टेकडीवर एका अहवालासाठी मी दोन वर्षे दर रविवारी चौशिंग्याच्या लेंड्या मोजत होतो. चौशिंगा म्हणजे शेळीएवढा, अत्यंत बुजरा प्राणी. नराला चार शिंगे असतात. तो मला एकदाही दिसला नव्हता. मोजलेल्या लेंड्या पुन्हा मोजल्या जाऊ नयेत म्हणून मी त्या पिशवीत भरून आणत असे. विज्ञान शिकवणाऱ्याला एवढी शिस्त असतेच.

एक बाई तिथेच बकऱ्या चारायची. अनवाणी, कमरेला कोयता. तिच्या पायाखाली वाळके पानही वाजत नसे. एकदा तिने लेंडी दोन बोटांत चुरडली, हुंगली आणि म्हणाली, "आज पहाटेची. आताच हरीण दिसलं, पळसाखाली."

"मावशी, ते हरीण नव्हे, कुरंग आहे; त्याची शिंगं कधी गळत नाहीत," मी उगाच म्हणालो.

"त्याला सांगा की, गुरुजी!" ती हसली. मग माझ्या पिशवीकडे तिने बोट दाखवले. "रोज एकाच जागी टाकतं ते. ती त्याची खूण. तुम्ही खूणच झाडून नेता, मग ते इथं राहील कशाला?"

मला तिचा हेवा वाटला. तिच्या बकऱ्यांचाही वाटला. त्यांनीही तो पाहिला होता.

मी लेंड्या उचलणे थांबवले. महिन्याभरात तिथे ढीग वाढला. अहवालात मी लिहिले, 'एकाच जागी लेंड्या टाकण्याच्या सवयीचे निरीक्षण स्वतः केले.' तिचे नाव मी कधीच विचारले नाही. विचारले असते, तर ते त्या ओळीत लिहावे लागले असते.