इफ्फत खानमचा पुढचा दात

"काढून टाक म्हणतोय, तर टाक काढून. एका दातापायी सगळं घर डोक्यावर घेतलंयस," रहमत आगा म्हणाले आणि कवळीत साखरेचा खडा धरून त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझे सगळे काढले. माझं काय बिघडलं?"

"तुम्ही दातांनी भात खाता," इफ्फत खानम नवऱ्याला म्हणाल्या. "मी दातांनी घर चालवलंय."

वरचा ओठ सुजल्यामुळे त्यांचे शब्द जाड येत होते, पण धार गेली नव्हती. मी वरच्या मजल्यावरून त्यांचं सूपाचं भांडं परत करायला आले होते. भांडं ठेवून निघावं असं वाटत होतं, पण या घरातलं भांडण अर्धवट सोडून जाणं मला कधीच जमलं नाही.

"दात वाचवायला गेलं की तिथे नस ओढतात, नस," रहमत आगा मला ऐकवू लागले. आमच्या अराक शहरात रूट कॅनालला, दाताच्या मुळावरच्या उपचाराला, सगळे हेच म्हणतात. "माझा बसमधला जोडीदार गेला होता. मेंदूपर्यंत झिणझिण्या आल्या म्हणे त्याला."

"त्याला मेंदू आहे हे तेव्हाच कळलं असेल," इफ्फत खानम म्हणाल्या. सून मोनीरे भाकरी गुंडाळता गुंडाळता हसली, आणि सासूने बघताच भाकरीवर वाकली.

इफ्फत खानम आमच्या गल्लीतल्या बायकांचे चेहरे दोऱ्याने साफ करतात. सुती दोऱ्याचं एक टोक पुढच्या दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत कात्रीसारखा. मान किंचित मागे गेली की गालावरची लव निघून येते. वैधव्य आलेली थोरली बहीण हे काम करायची, तिच्याकडून त्या शिकल्या. नवऱ्याची बस बंद पडली त्या वर्षांत मुलाचं शिक्षण याच दोऱ्यावर झालं. त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच आहे, दोऱ्यानेच पाडलेली. दोरा आपोआप तिथे जाऊन बसतो. दुखणं नेमकं त्याच दातात सुरू झालं. लवंग दाबून त्यांनी ते रेटलं. मग एक दिवस दुखायचं थांबलं, तेव्हा "बघा, जिरवला त्याला," असं गल्लीभर सांगून झालं. आणि आता हा ओठ.

त्या दिवशी दुपारी त्या एकट्याच दातांच्या डॉक्टर तवस्सुलींकडे गेल्या. सोबत कोणाला घेतलं नाही. संध्याकाळी त्यांच्या बैठकीत आम्ही बायका जमलो होतो. कोणाला भुवया करून घ्यायच्या होत्या, कोणाला नुसतं ऐकायचं होतं.

"सुई हिरडीत टोचते तेवढी लागते," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "नंतर ओठ आपला की शेजारणीचा, काही कळत नाही. मग दातावर रबराचा पडदा लावतात, औषध घशात जाऊ नये म्हणून. दाताच्या मागून एक बारीक भोक पाडतात, आणि केसासारख्या कानशींनी आतलं खरवडून काढतात. मधेमधे फोटो घेतात, मूळ कुठवर आहे ते बघायला."

"आणि नस?" कोणीतरी विचारलं.

"नस बघायची म्हणून मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले होते. ती आधीच मेली होती म्हणे, त्यामुळेच दुखणं थांबलं होतं. पू होता, तो काढला. माझ्या दोऱ्याएवढंही काही निघालं नाही. उगाच नाव मोठं करून ठेवलंय. दुखला तो जबडा, तोंड उघडं ठेवून ठेवून."

डॉक्टरीणबाईंनी आत औषध ठेवून दात तात्पुरता बुजवला होता. काही दिवस दाबलं तर ठणकेल, घाबरायचं नाही; पण ओठ पुन्हा सुजला किंवा ताप आला तर लगेच यायचं. नाहीतर शनिवारी येऊन मूळ कायमचं भरून घ्यायचं, पुढे वर टोपी बसवायची. हे सगळं इफ्फत खानमनी पुन्हा पुन्हा सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती मोनीरेने स्वयंपाकघरात माझ्या कानात सांगितली. डॉक्टरांनी तिलाही फोन करून बजावलं होतं, की या दातात दोरा धरायचा नाही.

आणि शनिवारच्या आधी गुरुवार होता. गुरुवारी गल्लीतल्या हानियेच्या चेहऱ्यावर लग्नाचा पहिला दोरा फिरायचा होता. हा दोरा कोणीही फिरवत नाही. हलक्या हाताची, भरल्या घरातली बाई लागते, तरच नवरीचा संसार सरळ चालतो. हानियेच्या आईचा पहिला दोराही इफ्फत खानमनीच फिरवला होता.

"मोनीरेला पाठवा ना या वेळी," मी म्हटलं. "तिचा हात चांगला आहे."

"हात आहे. पण दोरा गळ्यात बांधते, बकरीसारखा," त्या म्हणाल्या. मोनीरे त्याच खोलीत होती. तिने ब्यूटी पार्लरच्या वर्गात तीच पद्धत शिकली होती. "नवरीसमोर दावं बांधून बसायचं का?"

"बकरी ऐकतेय, मामान," मोनीरे म्हणाली.

"ऐकू दे. बकऱ्यांना कान असतातच."

सूज ओसरली, ठणका गेला, आणि इफ्फत खानमचा दातावर पुन्हा विश्वास बसला. बुधवारी सकाळी त्यांनी रहमत आगांना खिडकीतल्या खुर्चीत बसवलं. कानावरचे केस काढते म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी बायको स्वतःहून जवळ बसत होती. मी जिन्यात उभी होते, दार उघडं होतं. दोरा खाचेत बसला, मान मागे गेली, रहमत आगा "हळू" म्हणाले. दुसऱ्या ओढीला इफ्फत खानम थांबल्या. दोरा तोंडातून काढला. दातात बुजवलेल्या पांढऱ्या सिमेंटचा कण जिभेवरून तळहातावर घेऊन बघितला.

"काय झालं?" रहमत आगांनी विचारलं.

"काही नाही. उरलेलं उद्या."

त्या तशाच चप्पल घालून निघाल्या. या वेळी मोनीरे मागोमाग गेली आणि त्यांनी तिला अडवलं नाही.

डॉक्टर तवस्सुली रागावल्या नाहीत. त्यांनी बुजवलेलं काढून पुन्हा घट्ट बुजवलं. मोनीरेने मला नंतर ते बोलणं सांगितलं.

"दात फुटला नाही, नशीब समजा. अजून एक ओढ बसली असती तर मुळापर्यंत तडकला असता. मग भरायला काही उरत नाही, काढावाच लागतो."

"आणि टोपी बसल्यावर?"

"टोपी बसल्यावर कबाब खा, हसा, भाषण द्या. दोरा नको. आतून पोकळ केलेला आहे, खाचही आहेच. आणि शेजारच्या दातावरही नको, तुम्ही त्यालाही खाच पाडाल."

"दात राहील ना पण?"

"नीट वागलात तर तुमच्याबरोबर म्हातारा होईल."

दोघी परतल्या तेव्हा मीही खाली उतरले. घरी आल्यावर इफ्फत खानम खिडकीतल्या त्याच खुर्चीत बसल्या आणि ओढणी मागे सारली.

"मोनीरे, दोरा आण."

"कोणासाठी?"

"माझ्या गालांसाठी. आण. आणि दातावर दाब द्यायचा नाही, वरच्या ओठाला हात लावायचा नाही."

मोनीरेने गळ्यात दोरा बांधला. तिचे हात चालू लागले. इफ्फत खानम डोळे मिटून बसल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर वाकलेल्या या बाईला असं मान वर करून बसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. दोन्ही गाल झाले. त्यांनी हाताची पाठ गालावरून फिरवली, कानापासून हनुवटीपर्यंत, मग उलटी.

"हनुवटीखाली तेवढी घाई करतेस," त्या म्हणाल्या. मोनीरे खाली बघून दोरा गुंडाळू लागली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

रात्रीच्या जेवणासाठी जमिनीवर सुफऱ्याची चादर अंथरली होती. मी दह्याचं भांडं घेऊन उतरले तेव्हा रहमत आगा मुलाला सांगत होते, की त्यांनी आधीच सांगितलं होतं, काढून टाक म्हणून, आता उद्या हानियेच्या घरी काय तोंड दाखवणार.

इफ्फत खानमनी भाताचं ताट मधे ठेवलं.

"दात राहणार आहे," त्या म्हणाल्या. "उद्या हानियेला दोरा मोनीरे फिरवेल. मी शेजारी बसून नवरीची हनुवटी धरेन, हात माझाच लागला म्हणून तिच्या आईला सांगता येईल. शनिवारी मी दवाखान्यात जाऊन मूळ भरून येते. रविवारपासून मोनीरे मला गळ्यात दोरा बांधायला शिकवेल. आता जेवा, भात गार होतोय."