अक्षतेचा एक दाणा

बुद्धरत्नभाऊ आमच्याकडे आले, की हातातली वस्तू ठेवण्याआधी खिशातून पांढरं फडकं काढून टेबल पुसतात. सुरुवातीला मला राग यायचा. माझं घर काय अस्वच्छ आहे? मग एकदा म्हणाले, "टेबलाचं नाही हो वहिनी, माझ्या हाताची खोड आहे. बावीस वर्षं लेथवर काढली. एक बारीक कण कुठं काय करील, सांगता येत नाही."

तो कण आज माझ्या डोक्यातून जात नाही.

भाऊंचे वडील पिंपरीत कारखान्यात होते. भाऊ आयटीआय करून टर्नर झाले आणि भोसरीतल्या एका शेडमध्ये लागले. ह्यांची नोकरी चाकणला, तपासणी विभागात. शेडमधून येणारा माल तपासता तपासता दोघांची ओळख झाली आणि रॉकेटच्या नादानं ती मोशीला आमच्या घरापर्यंत आली. बारा जणांचा ग्रुप आहे. रीतसर परवानगी काढून माळावर माणसाच्या उंचीची रॉकेटं उडवतात. मोटरीची, म्हणजे जिच्यात रॉकेटचं इंधन जळतं ती अॅल्युमिनियमची नळी भाऊंनीच कातायची, हा नेम. नळीच्या तोंडाशी गोल खाच असते, तीत रबरी रिंग बसते. ती आतला जाळ कडेनं बाहेर येऊ देत नाही. अशी खाच भाऊंसारखी कुणी काढत नाही, हे ह्यांचंच म्हणणं.

खंडेनवमीला मी घरातली हत्यारं पाटावर मांडते. यंदा नेमके भाऊ नवी नळी घेऊन आले, खाचेला ग्रीस लावलेली. ह्यांनी ती पाटावर ठेवली.

"वहिनी, नळीच्या तोंडाला कापड बांधू का?" भाऊंनी विचारलं.

हे हसले. "राहू दे रे भावा. देवाचं काम आहे, तुला नाही कळायचं."

भाऊंनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. मी हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. पूजा होईपर्यंत भाऊ चपला काढून बाजूला उभे होते.

रविवारी माळावर चाचणी झाली. मोटर जमिनीत आवळलेली, सगळे लांब पोत्यांच्या आडोशाला. दोन सेकंद सरळ जाळ आला, मग तोंडाच्या कडेनं आडवी ज्वाळा फुटली आणि नळी फाटली. कुणाला लागलं नाही, माऊलींची कृपा. पण ह्यांनी घरी आल्या आल्या निकाल देऊन टाकला, "खाच खोल गेली, रिंग सैल बसली. रत्नाचा हात हलला."

आज दुपारी भाऊ ह्यांचं व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं, परत द्यायला आले.

"काय टर्नर," हे म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला का?"

"वाढला असंल, राव."

"पुढची नळी दुसऱ्याकडून करून घेऊ म्हणतोय. ग्रुपवर टाकतो संध्याकाळी."

भाऊंनी चहाचा कप नुसता धरून ठेवला. फोन आला म्हणून हे गॅलरीत गेले, तशी भाऊंनी खिशातून काडेपेटी काढून माझ्यापुढे केली.

"तुमचं आहे. कचऱ्यात कसं टाकावं, म्हणून ठेवलं."

आत ग्रीसनं माखलेला तांदळाचा लाल दाणा होता.

"फाटलेली नळी उघडून बघितली. खाचेची जी बाजू जळली नाही, तिथं रिंगेखाली चिकटला होता. जळलेल्या बाजूलाही असंल दुसरा, तिथनंच रिंग उचलली गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बुद्धरत्न म्हणतो, पूजेनं मोटर फुटली? लोक एवढंच ऐकतील, की ह्याला आमचा देव खुपतो. खाच खोल गेली म्हणू द्या. तुम्हीबी बोलू नका, राव तुमच्यावर चिडतील."

चहा तसाच ठेवून गेले.

दिवा लावला, पण अक्षतांच्या वाटीला हात जाईना. बोलले तर माझ्या पूजेला बोल आणि चारचौघांत ह्यांचं हसं. न बोलले तर त्या माणसाचा हात बदनाम. एकादशीला आळंदीत माऊलींपुढे कुठलं तोंड घेऊन उभी राहू? तिकडे बाहेर हे मोबाईलवर लिहायला बसलेच होते.

काडेपेटी उघडून ह्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. ह्यांनी व्हर्नियर घेतलं, दाणा त्यात धरला.

"दीड मिलिमीटर," म्हणाले. "नळी मीच जोडली. मीच नीट बघितली नाही."

"मग तसं लिहा."

"काय लिहू? बायकोनं तांदूळ टाकले?"

"हो. आणि भाऊ कापड बांधू म्हणाले, तुम्ही नको म्हणालात, तेही."

लिहिलं. माझ्यासमोर पाठवलं.

त्याला तास होऊन गेला. ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचलंय, उत्तर एकाचंही नाही. मी भाऊंना फोन लावला. त्यांच्या बायकोनं, साक्षीनं उचलला. "ते हात धुताहेत, वहिनी," म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा लावला. तेव्हाही ते हातच धूत होते; नळाचा आवाज मात्र येत नव्हता.