जागा मिळाली म्हणून बसलो

फौजेत मी अठरा वर्षं ट्रक चालवला. सहाला निघायचं म्हणजे सहाला गाडी गेटाबाहेर. इंजिन कुरकुरतंय असं वाटलं तर आम्ही चारलाच उठून खटपट करायचो, पण सहाचे सहा-पाच होऊ दिले नाहीत. मोठेपणा म्हणून सांगत नाही. गाडी वेळेवर सोडता येते, एवढंच म्हणणं आहे. सोडायची इच्छा पाहिजे.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. शेवटची बदली जयपूरला झाली आणि पोराची शाळा मोडायला नको म्हणून सांगानेरला दोन खोल्या बांधून इथंच राहिलो. पोरगा शिकला आणि लांब नोकरीला गेला. आम्ही दोघं उरलो. मग बायकोच्या किडन्या गेल्या.

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. बारा ते चार मशीन तिचं, साडेचारला पुढच्या पेशंटचं. तुम्ही उशिरा गेलात तर तेवढा वेळ गेला, भरून कोणी देत नाही. डॉक्टरांनी मला सोपं करून सांगितलं होतं, बाबा, हिच्या पोटात गेलेलं पाणी बाहेर यायला आता एकच रस्ता, ते मशीन. म्हणून दिवसाला दोन पेले पाणी, चहा त्यातच. जयपूरच्या मे महिन्यात.

हॉस्पिटल टोंक रोडवर, बसनं पस्तीस मिनिटं. रिक्षाचे धक्के तिच्या हाडांना सोसत नव्हते. मोबाइलवरून मोटार बोलवायला पोरानं मला दोनदा शिकवलं, डोक्यात शिरलं नाही. राहिली सिटी बस. साडेदहाची. ती कधी साडेदहाला आली, कधी अकराला, कधी आलीच नाही. आली तरी स्टॉपवर दोन म्हातारी दिसली की ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवत नाही. आम्हाला चढायला वेळ लागतो ना.

बायकोनं त्याच्यावर उपाय काढला होता. कॉलेजला जाणारी एखादी मुलगी स्टॉपवर असली की तिला सांगायची, "बेटी, हाथ तू कर. हमको देखके वो पळतो." हिंदी तिचं शेवटपर्यंत असंच. मुलगी हसायची, हात करायची, बस थांबायची. मग ही वर चढून ड्रायव्हरला म्हणायची, "भैया, डोळे दाखव जाके."

"माताजी, बैठ जाओ, गिर जाओगी."

"गिरेंगी तो तुम्हारेच अंगावर गिरेंगी."

अख्खी बस हसायची. मला लाज वाटायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

त्या शनिवारी स्टॉपवर कोणीच नव्हतं. साडेदहा गेले. अकराला बस आली, मी हात केला, आमच्याकडं बघत निघून गेली. अकरा-दहाला खाजगी मिनी बस येऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "आओ बाबा, पूरी खाली है, हॉस्पिटल जाएगी, बस निकल ही रही है." आम्ही चढलो. खिडकीजवळ जागा मिळाली. तिला बसवलं, मी शेजारी बसलो, पायाला बरं वाटलं.

गाडी हलेना. कंडक्टर खाली उतरून गिऱ्हाइकं गोळा करत फिरत होता. "दो मिनट, बाबा."

ती म्हणाली, "उतरूया आवं. ही भरल्याबिगर हलायची न्हाय."

"गप बस. आत्ता कुठं जागा मिळालीय."

तेवढ्यात मागं मोठी बस येऊन थांबली. कोणीतरी सामान घेऊन उतरत होतं. दार उघडं. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, आपण खाली उतरेपर्यंत ती जाईल. बस मिनिटभर उभी होती. गाडी किती वेळ उभी राहते ते मला कळतं, मी ड्रायव्हर आहे. मिनिटभर. मग गेली, निम्मी रिकामी.

पत्रा तापला होता. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. शेजारीच प्याऊ होती, माठ भरून ठेवलेले. म्हणाली, एक घोट आणा. मी पेला भरून आणला. तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं, मी दुसरा आणला. मनात म्हटलं, मशीनवर तर चाललोय, निघेल.

पावणेबाराला गाडी हलली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. आत आम्ही सहाजण. कंडक्टर म्हणाला, "आगे नहीं जाएगी. पीछे वाली में बैठ जाओ."

"तूने बोला था हॉस्पिटल जाएगी."

"तब जा रही थी, बाबा."

मागं कोणतीच गाडी नव्हती. तासाभरानं एक बस थांबली. पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. मशीनवरची सिस्टर म्हणाली, अंकल, अढाई घंटा मिलेगा. मी भांडलो. पुढची पेशंट बाहेर बाकावर बसली होती, तीही म्हातारीच, वेळेच्या आधी आलेली. तिला काय उठ म्हणू?

रविवारी हिचे पाय सुजले. आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होती. सोमवारी सकाळी, मी शेजाऱ्याला गाडी काढायला सांगून परत येईपर्यंत संपली होती.

डॉक्टर म्हणतात, हृदय कमजोर होतं, कधीही झालं असतं. पोरगा फोनवर म्हणतो, "बसमुळं नाही हो, बाबा." मी जेवावं म्हणून म्हणतात ते. न थांबणाऱ्या ड्रायव्हरला मी सोडत नाही, त्या कंडक्टरलाही नाही. तुमच्या घरचं कोणी मशीनवर चाललं असतं तर थांबला असता, हे मी कोणाच्याही तोंडावर म्हणेन. पण ते दार मिनिटभर उघडं होतं तेव्हा मला कोणी धरून ठेवलं नव्हतं. पाणी तर मीच आणलं.

घर खायला उठतं म्हणून आता रोज राजा पार्कला एका दुकानाच्या दारावर राखणीला बसतो. रस्ता तोच, बसही तीच, तशीच. परवा मात्र बरोबर साडेदहाला आली आणि थांबली. मी चढता चढता विचारलं, "आज वक्त पे कैसे?"

ड्रायव्हर म्हणाला, "आ गई तो भी तकलीफ है, बाबा?"

अकरा-पाचला हॉस्पिटलचं फाटक आलं. कंडक्टर ओरडला, "हॉस्पिटल, कोई है?"

कोणी बोललं नाही म्हणून मीच सांगितलं, "कोई नहीं." बस पुढं गेली.