येळवसेचा पाहुणा

आमच्याकडे येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं घर शेतात जेवायला जातं. कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि रस्त्यानं जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून पंगतीत बसवतात. त्या दिवशी कोणालाही उपाशी पाठवत नाहीत. माझी सगळी भिस्त या एका रिवाजावर होती.

मी सतरा वर्षांची होते. तो माझ्याच वर्गात होता. वडिलांची बदली झाली म्हणून मिझोरामहून बिदरला आलेला, शहरातल्याच मैलूर भागात भाड्यानं राहायचा. चेहरा गोल, डोळे बारीक. एवढ्यावर गावानं त्याचा निकाल लावून टाकला होता. पोरं त्याला चिन्या म्हणायची, दुकानदार नेपाळी म्हणायचे. मिझोराम भारतातच आहे, हे मी इतक्या जणांना सांगितलं की पुढं सांगायचाही कंटाळा आला. आम्ही टपरीवर नुसता चहा प्यायलो तरी चार माना वळायच्या. त्याला सवय होती. मला नव्हती, म्हणून मी चिडायचे, आणि चिडून चिडून थकून जायचे.

मला वाटलं, माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एकदा त्याला जवळून पाहावं, आपल्या हातानं वाढावं. मग ते आम्हा दोघांना नाही म्हणणार नाहीत. म्हणून मी त्याला सांगितलं, येळवसेला दुपारी मन्नाएखेळ्ळीला बसमधून उतर आणि आमच्या शेतावरून चालत जा, वाटसरूसारखा.

तो आला. काकानंच हाक मारली, "ओ भैय्या, कुठं चाललाव? या की जेवायला!"

वाढता वाढता काकूनं विचारलं, "तुमच्याकडं कुत्रं खातेत म्हणं, व्हय?"

"मी न्हाई खात, काकू. भज्जी वाढा," तो म्हणाला. सगळी पंगत हसली. अप्पांनी स्वतः त्याला आंबील ओतली. "लाजू नको, पोटभर जेव," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात काकूनं त्याच्या ताटात शेंगाची पोळी टाकली आणि मी ओरडले, "नको! त्याला शेंगदाणे चालत न्हाईत, गळा सुजतो!"

रस्त्यानं चाललेल्या माणसाला काय चालत नाही हे मला कसं ठाऊक, असं कोणीच विचारलं नाही. अप्पांनी ते ताट उचललं, दुसरं आणलं, त्यात खीर वाढली आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले. मग खांद्यावर हात ठेवून त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तिथं काय बोलले ते त्यानं मला नंतर सांगितलं.

"आज येळवस हाय म्हणून जेवून चाललास. उद्यापासून माझ्या पोरीला भेटू नको. तुझा मुलूख येगळा, आमचा येगळा."

पुढं मला गुलबर्ग्याच्या कॉलेजात घातलं. त्याच्या वडिलांची पुन्हा बदली झाली. काही दिवस फोन आले, मग तेही थांबले. भांडायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं.

अजूनही मी येळवसेला शेतात जाते. अप्पा आता थकलेत, पण वाटसरूंना हाका मारणं सुटलेलं नाही. पोळी वाढायच्या आधी ते प्रत्येकाला विचारतात, "शेंगदाणं चालतेत न्हवं?" आजवर कोणी नाही म्हणालेलं नाही.

एवढं त्यांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलंय. त्याचं नाव मात्र त्यांनी त्या दिवशीही विचारलं नव्हतं.