पाय त्यांचा, सही मुलाची

बोईसरच्या पोलीस ठाण्यातले एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात पस्तिशीचा एक माणूस तणतणत आत आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. "दवाखान्यातल्या नर्सने माझ्या वडिलांना पळवून लावलं. तिच्यावर गुन्हा दाखल करा," अशी त्याची तक्रार.

वडील मूळचे बीडकडचे, ॲसिडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेहामुळे डावे पाऊल सडत चालले होते. ऑपरेशन ठरले आणि ते खाटेवरून नाहीसे झाले. मी मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता झाल्याची नोंद, दाखल करून घेतली, रेल्वे पोलिसांना आणि रिक्षा स्टँडवर वर्णन कळवले आणि महिला हवालदार पाठवून नर्सला बोलावले.

पालघरजवळच्या माहीमच्या मच्छीमार घरातली मुलगी. नजर सरळ होती.

"तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"पाय कापणार हायेत, ते सांगितलं."

"म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं?"

"नाय साहेब. जखम साफ करायची, एवढंच बोला, असं आमाला बजावलं होतं. सही मुलानं केली होती. पण बाबांनी माझा हात धरला. पोरी, खरं काय ते सांग, बोलले. माझ्यानं खोटं बोलवलं नाय."

"निघून जा म्हणालात?"

"उलट मीच त्यांना बोलले, पाय नाय काढला तर विष अंगभर पसरेल, जीव जाईल. करायचं की नाय ते तुमी ठरवा."

खोटे बोलणारा माणूस स्वतःला सोडवणारी गोष्ट आधी सांगतो. हिने स्वतःला अडकवणारी आधी सांगितली होती. तरी नुसत्या शब्दावर तपास संपत नाही.

दुपारी एक रिक्षावाला ठाण्यात आला. "साहब, वो पट्टीवाला बाबा? मैंने उसको वाणगाव छोड़ा. रास्ते भर रो रहा था."

मुलाला जीपमध्ये घेऊन आम्ही वाणगावला गेलो. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या घरी म्हातारा खाटेवर पडला होता. पाऊल टॉवेलात गुंडाळलेले, वास दारापर्यंत येत होता. मुलाला पाहताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

"कुणी पळवलं तुम्हाला?" मी विचारले.

"कुणी न्हाई. ती पोर तर म्हणली, कापून घ्या, जगाल."

"मग निघालात का?"

"डॉक्टरला म्हणलं, जरा इचार करू द्या. तर म्हणाले, पोरानं सही केलीय, आता कसला इचार? साहेब, पाय जानार म्हून न्हाई निघालो. पाय माझा, आन् सगळ्यांला ठाऊक, मला सोडून."

"बाबा, तुम्ही नाही म्हणाल म्हणून लपवलं," मुलगा म्हणाला. "आई गेली, आता तुम्हीच..." तो उंबऱ्यातच बसला आणि रडू लागला.

म्हाताऱ्याचा जबाब झाला आणि तक्रारीत काही उरले नाही. शुद्धीत असलेल्या, जाणत्या माणसाच्या शरीराबाबत त्याच्याऐवजी मुलाची संमती चालत नाही, हे मी मुलाला समजावले. त्याने तक्रार मागे घेतली.

पालघरच्या दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी म्हाताऱ्याला सगळे समजावून सांगितले. "कुठून कापनार? मला परत उभं ऱ्हाता यील का?" अशी त्याने नीट चौकशी केली आणि स्वतः सही केली. पण या सगळ्यात गेलेल्या दिवसांत सडणे वर चढले होते. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

नर्सला तिच्या दवाखान्याने कामावरून काढले होते. ते माझ्या अखत्यारीत नव्हते. शुद्धीवर आल्यावर म्हाताऱ्याने तिला बोलावून घेतले. मीही तिथे होतो. पांघरुणाखालची रिकामी जागा पाहून तिला रडू कोसळले. "मी बोलले नसते तर तुमचा गुडघा वाचला असता."

"तू बोललीस म्हून मी सही केली," तो म्हणाला. "न्हाई तर डोळं उघडून बघितलं असतं, आन् पाय न्हाई."

तिचे चुकले की बरोबर, असे लोक मला विचारतात. गुडघ्याचा हिशेब मी तरी करू शकत नाही. मात्र नोकरीभर मी माणसांना अटक केली. कितीही अट्टल गुन्हेगार असो, त्याला का धरले हे त्याला सांगणे कायद्याने आम्हाला बंधनकारक आहे, आणि मी ते दरवेळी सांगितले. त्या म्हाताऱ्याला त्याच्याच माणसाने, मायेपोटी, तेवढाही मान दिला नव्हता.