पाचवं भांडं बद्द आहे

कारखान्यात तिला सगळे टिचकीबाई म्हणत. तिथं चिनी मातीची भांडी बनायची. भट्टीतून निघालेला प्रत्येक पेला, प्रत्येक वाडगा डाव्या हाताच्या बोटांवर अलगद तोलायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी दांडीनं काठावर हलकेच ठोकायचं, हे तिचं काम. आवाज खणखणीत आला तर भांडं पुढे जायचं. बद्द आला तर समजायचं, कुठंतरी केसाएवढी चीर आहे. मग ते बाजूच्या पेटीत. चीर डोळ्यांना दिसो न दिसो. एकोणिसाव्या वर्षी ती कामाला लागली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या कामगारणीनं तिला एवढंच सांगितलं होतं, "डोळे मिट. डोळे मध्ये मध्ये बोलतात."

एकतीस वर्षं तिनं डोळे मिटून भांडी ऐकली. हातात तिनं कधी अंगठी घातली नाही, कारण अंगठी वाजली की आवाजात भेसळ होते. रस्त्यानं जाताना कानात कापूस असायचा. घरी मात्र हात स्वस्थ बसायचा नाही. दांडी नसली की नखानं टिचकी. पाहुण्यांसमोर चहाचा कप आला की पहिली टिचकी, मग घोट. तिची थोरली बहीण, जिच्याकडे ती राहायची, वैतागून म्हणायची, "अगं, लोक काय म्हणतील? त्यांना वाटतं आपण फुटक्या कपातून चहा देतो."

"या कपातून नाही देत. त्या निळ्या कपातून देतो," ती शांतपणे सांगायची.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात यंत्र आलं. पट्ट्यावरून भांडी सरकायची, यंत्र ठोकायचं, यंत्रच ऐकायचं. टिचकीबाईची बदली बांधणी खात्यात झाली. आता ती दिवसभर वाडगे कागदात गुंडाळायची. पगार तोच, वेळ तीच. कुणी तिला वाईट वागवलं नाही. पण त्या दिवसापासून ती घरी कमी बोलायला लागली, आणि टिचक्याही कमी झाल्या. गंमत अशी, की ज्या बहिणीला त्या टिचक्यांचा त्रास व्हायचा तिलाच आता घर सुनंसुनं वाटायला लागलं.

बहिणीची मुलगी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दर शुक्रवारी संध्याकाळी जेवताना ती फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि 'किल्ली कुणाकडे' ही मालिका बघायची. मालिका इंटरनेटवरच यायची आणि तिची तऱ्हा वेगळी होती. एक म्हातारी डॉक्टरीण तिच्या घरातून बेपत्ता झालेली. घरात एक तिजोरी, तिला पाच आकडी नंबर. सहा भागांची गोष्ट, आणि पहिल्या पाच भागांत कुठंतरी नंबर लपवलेला. तो शोधायचा बघणाऱ्यांनी. पाचव्या भागानंतर सगळ्यांनी मिळून एकच नंबर पाठवायचा. बरोबर आला तर सहाव्या भागात तिजोरी उघडणार. चुकला तर ती बंदच राहणार, आणि डॉक्टरणीचं काय झालं ते कुणालाही, कधीही कळणार नाही. दुसरी संधी नाही.

त्यामुळे हजारो लोक कामाला लागले होते. त्यांचा एक मोठा गट होता. कुणी प्रत्येक दृश्याचे फोटो काढून भिंतीवरची चित्रं मोजत होतं, कुणी डॉक्टरणीच्या कपाटातल्या पुस्तकांची यादी करत होतं, कुणी घड्याळांतल्या वेळा लिहीत होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या एका संगीतशिक्षकांनी सुरुवातीच्या धूनचं स्वरलेखन करून ठेवलं होतं. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. धून साधी होती. नऊ वाडगे ओळीनं मांडलेले आणि कुणीतरी ते एकेक वाजवत वर जातं, मग फिरून खाली येतं. लोकांना ती आवडायची, फोनवर लावून ठेवायचे. त्यात शोधण्यासारखं काही आहे असं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या भागाच्या दिवशी टिचकीबाई समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. धून वाजली. ती मान वर न करता म्हणाली, "पाचवं भांडं बद्द आहे."

"हं," भाची म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा धून वाजली. टिचकीबाईचा हात घडीवरच थांबला. "आज सातवं. पाचवं बदललं वाटतं त्यांनी."

भाचीचा घास हातातच राहिला. "मावशी, काय म्हणालीस?"

"सातवं भांडं तडकलंय. मागच्या वेळी पाचवं होतं."

भाचीनं मालिका थांबवली, पहिला भाग काढला, स्वतःचे हेडफोन मावशीच्या कानांवर चढवले. मावशीनं डोळे मिटले. धून संपली तसे उघडले.

"दुसरं."

"नक्की?"

"यात नक्की काय असायचंय? बद्द म्हणजे बद्द."

भाचीनं तिथल्या तिथं गटावर लिहिलं: धून दर वेळी तीच नाही. प्रत्येक भागात एक वेगळा वाडगा तडकलेला आहे. दुसरा, पाचवा, सातवा. माझी मावशी म्हणते.

गटात या शोधाचं स्वागत हसून झालं. तिथं आपल्या नावापुढे घुबडाचं चित्र लावणारा एक जण होता. नोकरी संगणकाची, आणि गटातली आवाजाची सगळी तपासणी तोच करायचा. त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यानं तीनही भागांतली धून संगणकात घातली, आलेख काढले आणि लिहिलं: नऊच्या नऊ स्वर तिन्ही वेळा तंतोतंत त्याच उंचीवर आहेत. फरक शून्य. मावशींना नमस्कार सांगा.

भाचीनं ते वाचून दाखवलं. टिचकीबाई म्हणाली, "स्वर बदललाय असं मी कुठं म्हटलं? स्वर तोच आहे. भांडं बद्द आहे."

"तेच तर त्यांना कळत नाहीये."

"मग राहू दे." आणि ती घड्या घालायला लागली. कारखान्यात यंत्र आलं त्या दिवशीही ती असंच म्हणाली होती, हे बहिणीच्या लक्षात आलं. ती स्वयंपाकघरातून ताडकन बाहेर आली. "राहू दे काय? इतकी वर्षं माझे कप वाजवून माझं डोकं उठवलंस, आणि आता कुणी घुबड म्हणतंय म्हणून गप्प बसतेस?"

चौथा भाग आला. या वेळी तिघी फोनसमोर बसल्या. धून वाजली. टिचकीबाईनं ती दुसऱ्यांदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली. मग हेडफोन काढून ठेवले.

"काही नाही. सगळी खणखणीत आहेत."

भाचीचा चेहरा पडला. गटात तर मजाच उडाली. आज कपाटातली भांडी कुणी धुतली का, मावशींना विचारा, असं एकानं लिहिलं. भाची काकुळतीला आली. "मावशी, पुन्हा ऐक ना. थोडं तरी कुठलं वाटत असेल. मी एखादा आकडा सांगून टाकते."

"नाही." टिचकीबाईचा आवाज क्वचितच चढायचा, तो तेव्हा चढला. "चांगल्या भांड्याला फुटकं मी कधी म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही."

पाचव्या भागात चौथा वाडगा बद्द निघाला. ती तसं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्यावर थेट मुकादमासमोर उभी राहिली. तिला बाद भांड्यांच्या पेटीतला एक वाडगा हवा होता, आणि त्याच साच्यातला एक चांगला. मुकादम म्हणाला, "बाई, चांगला वाडगा मागणारे खूप भेटले. फुटका मागणारी तुम्हीच पहिली." पण त्यानं दिले. ते निवडायला तिनं पाऊण तास लावला. अर्धी पेटी वाजवून झाल्यावर तिला हवी तशी जोडी मिळाली, दोन्हींचा स्वर एकच असलेली.

रविवारी सकाळी गटाची शेवटची बैठक होती, पडद्यावरची. दुपारी नंबर पाठवायचा होता. दीडशेच्या वर माणसं जमली होती आणि कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. चित्रवाल्यांचा नंबर वेगळा, घड्याळवाल्यांचा वेगळा. भाचीनं हात वर केला. गुरुजी बैठक चालवत होते, त्यांनी तिला बोलायला सांगितलं. "ही माझी मावशी, कारखान्यात हिला टिचकीबाई म्हणतात," असं म्हणून ती बाजूला सरकली आणि पडद्यावर टिचकीबाई आली. इस्त्रीची साडी, समोर टेबलावर दोन पांढरे वाडगे, हातात लाकडी दांडी. एवढे चेहरे तिनं एकदा बघून घेतले. मग तिनं सरळ डोळे मिटले आणि बोलायला लागली.

"हे दोन वाडगे एका साच्यातले आहेत. हा ऐका." तिनं ठोकलं. टण्णकन आवाज झाला, आणि बराच वेळ हवेत राहिला. "आता हा." आवाज आला आणि जागच्या जागी बसला. "स्वर एकच आहे. पण हा तडकलाय. चांगलं भांडं बोलून झाल्यावरही गुणगुणत राहतं. फुटकं बोलतं आणि गप्प होतं. तुमच्या घुबडदादांनी स्वर किती उंच ते मोजलं. तो किती वेळ टिकतो, ते मोजलं का?"

घुबडदादाच्या चौकटीतून कीबोर्डचा आवाज यायला लागला. दोन मिनिटं गेली, चार गेली. मग त्यानं आपला पडदा सगळ्यांना दाखवला. पहिल्या भागाच्या धूनमधल्या, वर जातानाच्या नऊ रेघा, प्रत्येकीला मागं लांब शेपूट. दुसऱ्या रेघेचं शेपूट अर्ध्यात तुटलेलं. दुसऱ्या भागात पाचवीचं. तिसऱ्यात सातवीचं. पाचव्यात चौथीचं.

"मावशी," तो म्हणाला. आवाज ऐकून कळलं की तो जेमतेम पंचविशीचा असेल. "महिनाभर हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी वरचं टोक बघत बसलो. माफ करा."

"माफी कसली? तुम्ही बघत होता," टिचकीबाई म्हणाली, "मी ऐकत होते."

"पण चौथ्या भागाचं काय?" कुणीतरी ओरडलं. "तिथं तर काहीच नाही. पाच आकडे हवेत, आपल्याकडे चार आहेत."

"चौथ्यात काही नाही," टिचकीबाई ठामपणे म्हणाली. "मी चार दिवस ऐकलंय. सगळी चांगली आहेत."

घुबडदादानं आलेख लावला. नऊ रेघा, नऊ लांब शेपटं. त्यानं मान हलवली. पुन्हा कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गुरुजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. पडद्यावर फक्त त्यांचं पोट दिसायला लागलं.

"अहो, बाई बरोबर सांगतायत! वाडगे नऊच आहेत. एक ते नऊ. मग शून्य कसं वाजवणार? काहीच न तडकवता! दोन, पाच, सात, शून्य, चार!"

चौथ्या भागाच्या दिवशी टिचकीबाईनं भाचीच्या सांगण्यावरून कुठलाही आकडा ठोकून दिला असता तर तिजोरी कायमची बंद राहिली असती. हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं असावं, कारण एवढा गलका झाला की भाचीला फोनचा आवाज कमी करावा लागला. मतदान झालं. विरोधात फक्त घड्याळवाले तिघं. नंबर गेला.

शुक्रवारी बहिणीनं शेजारच्या दोन घरांतली माणसं बोलावली होती. फोन लहान पडेल म्हणून कुणीतरी मोठा पडदा आणला. पडद्यावर तपास करणारी बाई तिजोरीसमोर वाकली. दोन. पाच. सात. ती थांबली, आणि बहिणीनं टिचकीबाईचा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. शून्य. चार. खट्‌ असा आवाज झाला आणि दार उघडलं. आतल्या पत्रात डॉक्टरणीचा पत्ता होता. शेवटच्या दृश्यात ती भेटली, जिवंत, एका बागेत. घरात कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी रडत होतं. शेजारणीला तर मालिका कसली हेच माहीत नव्हतं, तीही रडत होती.

मग नावं सुरू झाली. अगदी शेवटी काळ्या पडद्यावर मालिकेच्या संगीतकाराच्या चार ओळी आल्या. भाचीनं त्या मोठ्यानं वाचल्या. "तडकलेली भांडी शोधायला मला सहा महिने लागले. निर्माते म्हणाले होते, हे कुणालाही ऐकू येणार नाही. मी पैज लावली होती की जगात निदान एक कान असेल. टिचकीबाई, पैज जिंकून दिल्याबद्दल आभार."

टिचकीबाई उठून स्वयंपाकघरात गेली. बहीण मागोमाग गेली तर ही ओट्याशी उभी, पदर डोळ्यांना लावलेला, आणि चेहरा असा फुललेला की बहिणीनं तो तिच्या एकोणिसाव्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी गटानं एक सभागृह घेतलं. माणसं लांबून लांबून आली. गुरुजींनी धून नऊ वाडग्यांसाठी बसवून घेतली होती, आणि वाडगे टिचकीबाईनं स्वतः निवडले होते, एकूण एक खणखणीत. तिनं वाजवलं. हात एकदाही चुकला नाही. शेवटचा स्वर ती दांडी वर धरून ऐकत राहिली, आणि तीनशे माणसंही तो विरेपर्यंत श्वास रोखून बसली. मग सगळी एकदम उठली. घुबडदादा पहिल्या रांगेत होता, त्याच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

संगीतकार कार्यक्रमाला आला होता. नव्या मालिकेच्या संगीतासाठी भांडी निवडायला आणि वाजवायला याल का, असं त्यानं विचारलं. टिचकीबाई म्हणाली, "सुट्टी काढावी लागेल."

सोमवारी तिनं अर्ज दिला. तीन आठवड्यांची रजा. मुकादमानं कारणाच्या रकान्यात वाचलं: भांडी वाजवण्यासाठी.

"बाई, तीनच आठवडे पुरतील ना?" त्यानं विचारलं, सही केली, आणि तो अर्ज आधी अख्ख्या बांधणी खात्याला वाचून दाखवून मग साहेबांकडे पाठवला.